श्वास आणि औषध – लेखांक सातवा : पंपातील स्टेरॉइडचे भय आणि त्याचा जमाखर्च

बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावाहून धारूरकडे जाणारा रस्ता ज्या तेलगावच्या चौकात एकमेकांस छेदतात, तेथील एखाद्या औषधाच्या दुकानी हिवाळ्यात घटकाभर उभे राहिले असता दम्याच्या औषधांविषयीचे आपल्या मुलखातील लोकमत पुरते कळून येते. धापा टाकीत आलेला गृहस्थ तात्काळ आराम देणारा निळा पंप मागून घेतो, त्याजबरोबर ‘दमाच्या गोळ्या’ही मागतो, मात्र डॉक्टरांनी रोज घ्यावयास लिहून दिलेला दुसरा पंप पुढे येताच हात आखडून म्हणतो, “ते नगं. त्यात स्टेरॉइड असतंय, एकदा लागलं की सुटत नाही.” ज्या गोळ्या तो बिनदिक्कत खिशात टाकतो त्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच असते, आणि तेही कित्येक पटींनी अधिक मात्रेत, याची त्यास वार्ता नसते. या विसंगतीने आपल्या भागातील कित्येक संसार उघड्यावर पडलेले मी पाहिले आहेत, म्हणून हा लेखांक केवळ दुष्परिणामांना वाहिला आहे.

लोकांचे हे भय निराधार आहे असे मात्र कोणी समजू नये. 1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णास कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचले आणि अंथरुणास खिळलेली माणसे चालू लागली. दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, त्यांना व इतर दोन संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु चेहरा सुजून गोल होणे, रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्ग बळावणे, ही त्या औषधाची दुसरी बाजूही लवकरच उघड झाली. दम्याच्या रोग्यांस स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत व त्यांच्या देहाची दुर्दशा होई. जेथे सूज आहे तेथेच, म्हणजे श्वासनलिकांच्या अस्तरावरच, अल्पशी मात्रा पोहोचवावी या विचारातून 1972 साली ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा फवारा प्रचारात आला, आणि अनेक रुग्णांच्या गोळ्या सुटल्या. ज्या औषधाला आज ‘स्टेरॉइड’ म्हणून दूर लोटले जाते, ते स्टेरॉइडच्या गोळ्यांपासून सुटका व्हावी म्हणूनच निर्माण झाले होते.

मात्रेचा हिशेब पाहू. दम्याचा जोर वाढला म्हणजे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम. सौम्य दम्याच्या प्रौढ रुग्णास पंपातून मिळणारे ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड दिवसाला साधारण 200 ते 400 मायक्रोग्रॅम असते. दोन्ही औषधांची शक्ती सारखी नसल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही शंभर दिवसांच्या पंपाचा ऐवज वजनाने एका दिवसाच्या गोळ्यांत येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता हे औषध देहात कोठे जाते ते पाहिले की बहुतेक दुष्परिणामांचा उलगडा आपोआप होतो. पंप दाबला असता साध्या फवाऱ्यातील जेमतेम दहा ते वीस टक्के औषध फुप्फुसात उतरते. उरलेले जीभ, टाळू आणि घसा यांवर बसते व गिळले जाते. गिळलेल्यापैकी बहुतांश यकृत नष्ट करते: ब्युडेसोनाइडचा सुमारे दहावा हिस्सा रक्तात पोहोचतो, फ्लुटिकासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा एक टक्काही नाही. मात्र जे घशात राहते ते तेथील प्रतिकार मंदावते, आणि मग टाळूवर व जिभेच्या मुळाशी दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे दिसू लागतात, जे खरवडले असता खालून लालबुंद त्वचा उघडी पडते. ही बुरशी होय. भाकरीचा घास झोंबतो, मिरचीचे नाव नको होते, आणि रुग्ण पंपच टाकून देतो. उपाय मात्र अगदी साधा आहे. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरावी, घशाशी गुळण्या कराव्यात आणि ते पाणी थुंकावे, गिळू नये. फवाऱ्याच्या पंपास स्पेसर हा नळा जोडला तर घशात बसणारे औषध पुष्कळ कमी होते व फुप्फुसात जाणारे वाढते. कॅप्सूलच्या पंपाची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आढळतात. ती यंत्रात घालून, तिच्यातील भुकटी जोराने श्वासाबरोबर ओढावयाची असते.

आवाज बसणे हा दुसरा त्रास. शिक्षक, बाजार समितीत सौदे पुकारणारे, आणि ज्यांच्या कंठावर सप्ताहाचा सगळा भार असतो असे कीर्तनकार, यांना तो फार जाणवतो. औषधाने स्वरयंत्राच्या स्नायूंवर व अस्तरावर परिणाम होतो. चूळ भरून तो पूर्णपणे टळत नाही. अशा वेळी डॉक्टरांस सांगून मात्रा कमी करावी वा पंपाचा प्रकार बदलून पाहावा.

नाकात मारावयाच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याची गोष्ट सोपी आहे. नाक कोरडे पडते, खपल्या धरतात, कधी घोळणा फुटतो. नाकाच्या मधल्या पडद्यास भोक पडणे फारच विरळ. फवारा पडद्यावर सोडला जातो म्हणून हे घडते. यास्तव डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात व उजवीसाठी डावा हात वापरून नळीचे तोंड बाहेरच्या बाजूस, कानाच्या दिशेने, ठेवावे. नाक झटपट मोकळे करणारे झायलोमेटाझोलीनसारखे थेंब हा निराळा प्रकार असून त्यांत स्टेरॉइड नसते. तेच आठवड्याहून अधिक काळ घातले तर नाक उलट अधिक चोंदते आणि त्या थेंबांची खरोखरच सवय लागते. या सवयीचा दोष लोकांनी विनाकारण स्टेरॉइडच्या फवाऱ्यावर ढकलला आहे.

गंभीर दुष्परिणाम आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. मोठ्या मात्रेचा पंप वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत त्वचा पातळ होऊन सहज काळेनिळे डाग पडणे, मोतीबिंदू, काचबिंदू, हाडांची घनता घटणे आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी मंदावणे संभवते. लहान मुलांच्या उंचीविषयी मातापित्यांना वाटणारी चिंता अगदीच खोटी नव्हे: अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले, बालपणी रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. रात्री बसून काढणाऱ्या, शाळा बुडविणाऱ्या मुलापुढे हे एक सेंटिमीटर ठेवून निवाडा करावा लागतो, आणि माझा निवाडा निःसंशय औषधाच्या बाजूने आहे.

चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुसे झिजलेल्या, म्हणजे सीओपीडीच्या, रुग्णांचा विचार मात्र वेगळा केला पाहिजे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ‘टॉर्च’ या चाचणीत तीन वर्षांत न्यूमोनिया होण्याचा संभव औषधहीन गटात 12.3 टक्के, तर सॅल्मेटेरॉल हे श्वासनलिका रुंदावणारे औषध व फ्लुटिकासोन एकत्र घेणाऱ्यांत 19.6 टक्के आढळला. जन्मभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या वृद्ध स्त्रीस दम्याचाच पंप सरसकट देणे म्हणूनच योग्य नव्हे. तिला स्टेरॉइडची गरज आहे काय, हे तपासून ठरवावयास हवे.

एक सूचना आपल्या भागासाठी फार निकडीची. नायट्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल महिनोन्‌महिने घेण्याची चाल अलीकडे गावोगाव पडली आहे. ते औषध यकृताचे काम अडवते. मग ब्युडेसोनाइड वा फ्लुटिकासोन रक्तात साचते आणि पंपाच्या अल्प मात्रेनेही गोळ्यांसारखे दुष्परिणाम उद्‌भवतात. त्वचेचे डॉक्टर आणि दम्याचे डॉक्टर निराळे असल्यास दोघांनाही दोन्ही औषधे दाखवावीत.

औषध नाकारण्याची किंमतही जमाखर्चात धरली पाहिजे. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक भारतात होतात. कॅनडातील सास्कॅचेवान प्रांताच्या नोंदींवरून 2000 साली असे दिसून आले की, वर्षभरात स्टेरॉइडचा पंप जितका अधिक वापरला जाई, तितका दम्याने मरणाचा धोका उतरे: दर एका जादा पंपामागे सुमारे 21 टक्क्यांनी.

दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीसाठी कोयत्यावर निघणाऱ्या माझ्या वाचकांना, आणि ज्यांच्या घरचे निघतात त्यांना, इतकीच विनंती आहे. पाच-सहा महिने कोपीत मुक्काम असतो आणि तेथे औषध मिळेलच असे नाही. तेव्हा निघण्यापूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन तपासून घ्या आणि पुरेसे पंप व लिहिलेला कागद बरोबर ठेवा. मोठ्या मात्रेचा पंप वा स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेत असाल तर त्या आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका. मंदावलेली ग्रंथी पुन्हा रुजू होण्यास अवधी घेते, आणि तोवर ताप, जुलाब वा अपघात झाल्यास जिवावर बेतू शकते.