यंत्र घ्या, पण ठेका आपला ठेवा

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणारे तरुण आम्हाला विचारतात, ड्रम मशीन कोणते घ्यावे? आम्ही सांगतो, किमतीला भुलू नका. १९८० साली खऱ्या ड्रमचे आवाज देणारे लिन एलएम-१ सुमारे ५,००० डॉलरला होते. त्याच वर्षीचे रोलँड टीआर-८०८ त्याच्या चौथाई किमतीचे. त्याचे आवाज नकली ठरवले गेले. १९८३ मध्ये उत्पादन थांबले. तेच टाकाऊ यंत्र जुन्या बाजारात स्वस्तात घेऊन अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी न्यूयॉर्कचे हिप-हॉप आणि डेट्रॉइटचे टेक्नो घडवले.

मग कसोटी कोणती? दोन प्रश्न विचारा. पहिला, आवर्तनाची १६ घरे कमी करता येतात काय? केहरव्याच्या ८ मात्रा १६ घरांत बसतात. दादऱ्याच्या ६ मात्रांना १२ घरेच हवीत. दुसरा, आपण रेकॉर्ड केलेला आवाज यंत्रात भरता येतो काय? येत नसेल तर आपली हलगी, आपली ढोलकी त्यात कधीच वाजणार नाही.

दुकानात उत्तरे तोंडी घेऊ नका, वाजवून घ्या. ठेका दुसऱ्याने ठरवायचा आणि आपण त्यावर केवळ शब्द बसवायचे, हे आता पुरे झाले!