मळणीयंत्रावरील अपघात : मजुराचा हक्क आणि शेतकऱ्याची जबाबदारी

जबलपूर शहरालगतच्या खमरिया येथे १९४२ पासून दारूगोळा कारखाना आहे. कारखान्यांमध्ये यंत्राच्या फिरत्या भागांना संरक्षक आवरण असणे आणि अपघाताची सूचना संबंधित अधिकाऱ्यांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर त्याची नोंद होते आणि भरपाईचा प्रश्न त्या नोंदीपासूनच सुरू होतो.

कारखान्याच्या भिंतीबाहेर चित्र वेगळे दिसते. नर्मदा खोऱ्यात चैत्राच्या सुमारास गव्हाची मळणी सुरू होते. विदर्भात आणि मराठवाड्यात सोयाबीन, तूर व हरभरा यांच्या सुगीत हीच धावपळ असते. मळणीयंत्रात मजुराचा हात सापडला, की त्याला दवाखान्यात नेले जाते, शेतकरी उपचारांचा खर्च देतो, थोडीफार रोख रक्कम हातावर ठेवली जाते आणि प्रकरण मिटले असे मानले जाते. बोटे गमावलेल्या त्या मजुराला पुढील तीस वर्षे त्याच हाताने पोट भरावयाचे असते, याचा विचार त्या वेळी होत नाही. शेतमजुराला असा कायदेशीर हक्कच नाही, हा गैरसमज यामागे आहे.

कायदा शेतालाही लागू

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या दुसऱ्या अनुसूचीत ट्रॅक्टर, अन्य यांत्रिक शक्ती किंवा वीज यांवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीकामाचा स्पष्ट उल्लेख आहे. मजूर हंगामी किंवा रोजंदारीवरील असला, तरी केवळ त्या कारणाने तो वगळला जात नाही. मालकाची चूक सिद्ध करण्याचीही गरज नसते. काम करीत असताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे पुरेसे असते. मद्यप्राशन किंवा संरक्षक आवरण हेतुपुरस्सर काढणे यांसारखे अपवाद आहेत. मात्र मृत्यू अथवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास तेही लागू होत नाहीत.

मळणीयंत्रांवरील वाढत्या अपघातांची दखल घेऊन संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम केला. यंत्रांचे उत्पादन व वापर यांच्या नियमनाबरोबर मजुरांना भरपाई मिळावी, हाही त्याचा उद्देश आहे. १९२३ चा अधिनियम आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. भरपाईचे मूळ सूत्र आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत संहितेत कायम आहे.

भरपाई कशी ठरते?

कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. मृत्यूच्या बाबतीत ५० टक्के रक्कम धरतात. अंशतः अपंगत्व असल्यास संपूर्ण अपंगत्वाच्या रकमेचा अनुसूचीतील टक्केवारीइतका भाग मिळतो.

उदाहरणार्थ, ३० वर्षे वयाच्या मजुराचे मासिक वेतन ९,००० रुपये आहे. त्याचे ६० टक्के म्हणजे ५,४०० रुपये. या वयाचा गुणक २०७.९८ असल्याने संपूर्ण रक्कम ११,२३,०९२ रुपये होते. त्यावरून,

• एक हात गमावल्यास (६० टक्के) : सुमारे ६ लाख ७३ हजार रुपये
• अंगठा गमावल्यास (३० टक्के) : सुमारे ३ लाख ३६ हजार रुपये
• संपूर्ण तर्जनी गमावल्यास (१४ टक्के) : सुमारे १ लाख ५७ हजार रुपये

टक्केवारी ठरविताना जखमीचा व्यवसायही महत्त्वाचा ठरतो. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराचे नुकसान शंभर टक्के मानणे सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरविले, कारण एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. महिनाभरात ती न दिल्यास १२ टक्के व्याज आकारले जाते. सबळ कारणाविना विलंब झाल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

अपघातानंतरची पावले

१. दवाखान्याच्या केसपेपरवर अपघाताचे खरे कारण लिहून घ्यावे. ‘पडून जखम’ अशी नोंद पुढे दाव्याला मारक ठरते.
२. पोलीस ठाण्यात खबर द्यावी. पंचनामा, यंत्राची छायाचित्रे आणि सोबतच्या मजुरांचे जबाब जपून ठेवावेत.
३. मालकाला शक्य तितक्या लवकर लेखी सूचना द्यावी.
४. वयाचा व मजुरीचा पुरावा आणि अपंगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे.
५. दोन वर्षांच्या आत आयुक्तांकडे दावा दाखल करावा. अपघात झाला तेथे किंवा मजूर राहतो तेथे, दोन्ही ठिकाणी तो करता येतो. परजिल्ह्यांतून येणाऱ्या मजुरांसाठी ही तरतूद मोलाची आहे.

‘पुढे काही मागणार नाही’ असे लिहून घेतलेल्या कागदाने हा हक्क संपत नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई थेट वारसांच्या हाती न देता आयुक्तांकडे जमा करावी लागते.

शेतकऱ्याने काय करावे?

वरील उदाहरणातील रक्कम अल्पभूधारक शेतकऱ्याला पेलणारी नाही, हे उघड आहे. म्हणूनच विमा हंगामापूर्वी हवा. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कर्मचारी नुकसानभरपाईची विमापत्रे मिळतात. यंत्र भाड्याने आणताना मजूर कोणाचे आणि विमा कोणाचा, हे लेखी ठरवावे. तात्पुरता उसना घेतलेला मजूर ज्याच्यासाठी काम करतो, तोच त्या काळापुरता कायद्याने मालक ठरू शकतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांत मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे, तर एक हात, पाय किंवा डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपयांचे संरक्षण आहे. केवळ बोटे गमावल्यास मात्र तिचा उपयोग होत नाही. महाराष्ट्रातील गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन मजूर तिच्या कक्षेत येत नाही. त्याच्यासाठी नुकसानभरपाईचा कायदा हाच मुख्य आधार उरतो.

अपघात टाळणे अर्थातच सर्वांत स्वस्त. भारतीय मानक ९०२० नुसार मळणीयंत्राचे भरणतोंड किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातील ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा. हात ड्रमपर्यंत पोहोचू नये, हा त्यामागचा हेतू आहे. पट्टे व पीटीओ शाफ्ट यांना आवरण असावे. पदर, ओढणी व सैल बाह्या घट्ट बांधाव्यात. रात्रपाळीत पुरेसा उजेड ठेवावा आणि थकलेल्या मजुराला भरणतोंडाशी उभे करू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी सुगीपूर्व मेळाव्यांत बियाणे व तणनियंत्रणाबरोबर या विषयासाठीही अर्धा तास राखून ठेवावा. यंत्राचे भरणतोंड मोजून पाहणे, विमापत्राची तारीख तपासणे आणि अपघातानंतरची पाच पावले गावाच्या फलकावर लावणे, एवढी कामे तेवढ्या वेळात सहज सुरू होतात.