गाडी तापते, पण केव्हा?

अलिबागजवळच्या नागाव किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या, फुगीर टायरांच्या एटीव्ही आता सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. वाळू, चिखल, चढ, कुठेही जाणारी ही गाडी जुनी झाली की हमखास तापू लागते. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो: आज थर्मोस्टॅट, उद्या वॉटर पंप. पैसे जातात, तापणं राहतं. खरं तर पाना हातात घेण्याआधी मालकाला एकच गोष्ट विचारायला हवी. गाडी नेमकी केव्हा तापते? निदान बहुतेक वेळा त्या उत्तरातच असतं.

पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भागच कामी येतो. बाकीची ऊर्जा उष्णताच असते. त्यातली बरीचशी धुराबरोबर बाहेर पडते आणि मोठा वाटा सिलिंडरच्या भिंतींतून कुलंटमध्ये उतरतो. तिथून ती रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून हवेत जाते. हा शेवटचा टप्पा सर्वांत अवघड असतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता घेतं, तेवढीच एका अंशाच्या वाढीत वाहून न्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून रेडिएटरमधून हवा किती जाते, यावरच सारं ठरतं.

गाडी वेगात बरी चालते, पण संथ चालताना किंवा उभी असताना तापते, असं उत्तर आलं तर आधी पंखा पाहावा. मऊ वाळूत वेग जेमतेम आणि इंजिनावर ओझं मात्र जबरदस्त. वाऱ्याचा झोत नसतो. सगळी भिस्त विजेच्या पंख्यावर. पंख्याला थेट बॅटरीची वायर लावून पाहावी. तो फिरला तर मोटर ठीक आहे, दोष तापमानाच्या स्विचमध्ये, रिलेत किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये. खाऱ्या हवेत अर्थिंगवर माझा पहिला संशय असतो. आणखी एक हमखास निसटणारी गोष्ट म्हणजे दुरुस्तीत वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो. तो फिरताना दिसतो, म्हणून कोणी शंका घेत नाही, पण समोरून येणाऱ्या हवेलाच तो अडवत असतो. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर पुढच्या जाळीवर कागद धरावा. तो चिकटून राहिला तर दिशा बरोबर.

उलट, वेगात किंवा लांब चढावर तापत असेल तर पंख्यामागे लागू नये. उष्णता वाटेत अडते आहे. एटीव्हीचा रेडिएटर पुढे, खाली, चाकांनी उडवलेल्या चिखलाच्या अगदी वाटेवर असतो. जाळी वरून स्वच्छ दिसते, पण पापुद्र्यांच्या मध्ये वाळलेली माती बसलेली असते. ती मागून पुढे, साध्या पाइपच्या पाण्याने, वेळ देऊन काढावी. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पापुद्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. अमेरिकेत चिखलात गाड्या घालणारे हौशी लोक रेडिएटर उचलून पुढच्या कॅरियरवर बसवतात, ते याच कारणाने.

आतली अडचण दिसत नाही. बोअरच्या जड पाण्यातले क्षार नळ्यांवर थर धरतात, आणि हा थर ॲल्युमिनियमच्या तुलनेत शंभरेक पट मंदपणे उष्णता वाहू देतो. कुलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावं, याबाबत तडजोड नको.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आणखी एक कारण भेटतं. इथेनॉलच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग ऑक्सिजन असतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तरी कार्ब्युरेटरचा जेट जुन्याच मापाने इंधन सोडतो आणि मिश्रण थोडं पातळ पडतं. त्यातच जेटमध्ये कचरा किंवा इनटेकच्या रबराला चीर असली की इंजिन नेहमीपेक्षा गरम चालतं. पांढरा पडलेला प्लग ही त्याची खूण.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी पाहत नाही, तेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्रेशर कुकरप्रमाणे ते आत दाब धरतं. वातावरणाहून एक बार जास्त दाबाला साधं पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि निरोगी इंजिनही उकळू लागतं. पण तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. ११५ अंशांवरच्या दोन लिटर पाण्यावरचा दाब अचानक गेला तर ५० ग्रॅमहून अधिक पाण्याची क्षणात वाफ होते. ही वाफ जवळपास ९० लिटर भरते, आणि ती उकळतं पाणी सोबत घेऊन थेट तोंडावर येते.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढतो, असं उत्तर असेल तर अडकलेला थर्मोस्टॅट, आत कोंडलेली हवा किंवा हेड गॅसकेट. वरचा पाइप कढत आणि रेडिएटरचा खालचा भाग गार असेल तर प्रवाह थांबलेला आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो काळ्या रबरी पाइपवर रोखावा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. गार इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर कुलंटमध्ये न थांबणारे बुडबुडे दिसले, ऑइल दुधाळ झालं, तर गॅसकेट गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. मग मात्र गाडी त्याच क्षणी बंद करावी, कारण तशीच चालवली तर हेड वाकतं, आणि वाकलेलं हेड नव्या गॅसकेटलाही टिकू देत नाही. आणि नवं कुलंट भरताना पुढची चाकं उंचावर चढवून ठेवावीत. त्यामुळे भरायचं तोंड सर्वांत वर येतं आणि अडकलेली हवा आपोआप बाहेर पडते.