ओवीच्या चालीवर उभं केलेलं कॅथेड्रल

लग्नसराईत जालना, अंबड, परतूर, मंठा या पट्ट्यात आम्ही फोटोग्राफर मंडळी नवरानवरीच्या फोटोंची चित्रफीत करून देतो. पाचेक मिनिटांचं गाणं आणि त्यावर सरकत जाणारे फोटो. या कामात माझं एक मत पक्कं झालं आहे. फोटो जमवून झाल्यावर वरून गाणं चिकटवायचं नसतं. गाणं आधी ठरवायचं आणि त्याच्या चालीने फोटो निवडायचे. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलची चित्रफीत मी याच मताला धरून केली. ती कशी केली ते सविस्तर सांगतो, कारण हे काम कोणालाही करता येण्यासारखं आहे.

कॅथेड्रल म्हणजे ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते चर्च. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकलं. तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाने आहे. आजच्या इमारतीचं काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ मध्ये पुरं झालं. वेद्यांचं काम त्यानंतरही चालूच राहिलं. लांबी सुमारे ७६ मीटर, दर्शनी भिंतीची उंची ३५ मीटर. जांभ्या दगडाचं बांधकाम आणि वरून चुन्याचा पांढरा गिलावा. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते. उत्तरेकडचा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. दक्षिणेकडच्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे. तिच्या नादामुळे तिला सोन्याची घंटा म्हणतात. १९८६ पासून जुन्या गोव्याची चर्चं जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

गाणं कुठलं?

युरोपातल्या कॅथेड्रलच्या चित्रफितींना बहुधा ऑर्गन किंवा जर्मन संगीतकार बाखचं संगीत असतं. गोव्याला स्वतःचं चर्चसंगीतही आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिथे मोतेत नावाची भक्तिगीतं गातात, साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बास असतो. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोवेकरच पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात वादक आणि संयोजक झाले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला व्हायोलिनचा ताफा त्यांच्यातल्याच सेबॅस्टियन डिसोझांनी बांधलेला. आमच्या लग्नाच्या चित्रफितींत तो आजही वाजतो.

पण मला हवा होता असा सूर, जो या इमारतीचा असेल आणि जालन्याच्या माणसाला आपलाही वाटेल. तो मला सापडला ‘क्रिस्तपुराणा’त. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, तिथल्या सासष्टी भागात राहिला आणि मराठी शिकला. बायबलची कथा त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली. हे पुराण १६१६ मध्ये सासष्टीतल्याच रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. स्टीफन्स वारला १६१९ मध्ये, म्हणजे कॅथेड्रलचं बांधकाम पुरं झालं त्याच वर्षी. गवंडी चुना मळत होते तेव्हा काही कोसांवर हा माणूस ओवीला ओवी जोडत होता.

आता आपल्याकडे बघा. पैठणच्या एकनाथांना जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि पुढे त्यांनी दासबोध लिहिला तोही ओवीतच. गोदाकाठी आणि गोव्यात एकच छंद घुमत होता. त्यामुळे कॅथेड्रलच्या फोटोंना ओवीचा आवाज देण्यात मला कुठेही ओढाताण वाटली नाही.

आवाज दिला घनसावंगीकडच्या एका आजींनी. त्या रोज दासबोधाचं पारायण करतात. क्रिस्तपुराणातल्या देवस्तुतीच्या ओव्या मी त्यांना देवनागरीत मोठ्या अक्षरांत काढून दिल्या. त्यांनी एकदा मनाशी वाचल्या आणि आपल्या रोजच्या चालीवर म्हणायला लागल्या. ध्वनिमुद्रण घरातच केलं. पंखा बंद, दाराखिडक्यांना गोधड्या, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरपा, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट येत नाही. नंतरचं घासपूस मी अगदी कमी केलं. तो आवाज जसा आहे तसाच ऐकायचा आहे.

चुन्याची भिंत, अंधारा गाभा

कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे. त्यामुळे दर्शनी भिंतीचे फोटो सकाळीच काढावेत, ऊन सरळ भिंतीवर पडतं. पांढरी भिंत समोर आली की कॅमेरा ती राखाडी करून टाकतो, म्हणून उजेड हाताने थोडा वाढवायचा. उंच इमारतीखाली उभं राहून कॅमेरा वर केला की भिंती मागे झुकलेल्या दिसतात. तेव्हा मागे हिरवळीवर जाऊन, कॅमेरा सरळ धरून फोटो घ्यावा आणि खालचा जादा भाग नंतर कापावा.

आत उजेड कमी. फ्लॅश वापरू नये. स्टँडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवला, कोपर बाकावर टेकवलं आणि श्वास रोखून शटर दाबलं. संत कॅथरीनच्या जीवनातले प्रसंग कोरलेले सोनेरी फलक मुख्य वेदीवर आहेत. त्यांचे फोटो एकेक वेगळे घेतले. बाजूच्या चॅपलची कोरीव जाळी, खांबांवर सरकणारा उजेड, झिजलेल्या पायऱ्या यांचे फोटो जवळून काढले. तिथे आजही प्रार्थना होते. प्रार्थना चालू असताना कॅमेरा पिशवीत ठेवायचा आणि कुणाच्या भक्तीचा फोटो न विचारता घ्यायचा नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

जुळणी

ग्रंथातल्या ओवीला चार चरण असतात. पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. माझी सगळी जुळणी यावर उभी आहे. पहिल्या तीन चरणांना एका जातीचे तीन फोटो: तीन कमानी, किंवा तीन खांब. चौथ्या चरणाला वेगळा, एकटा फोटो: कोसळलेल्या मनोऱ्याची रिकामी जागा, किंवा घंटा. एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना आजी श्वास घेतात तिथेच बदल केला. फोटो गरगर फिरवणं, चांदण्या उडवणं असली कारागिरी इथे शोभत नाही. सावकाश विरघळणं पुरतं. दोन ओव्यांच्या मध्ये मी काही क्षण कॅथेड्रलच्या आतलाच आवाज ठेवला, पावलांचा आणि बाकांच्या करकरीचा.

हक्कांचंही बघावं लागतं. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, त्यामुळे सिनेमाचं गाणं उचलून जाहीर दाखवता येत नाही. चारशे वर्षांपूर्वीचा मजकूर मात्र सगळ्यांचा आहे. गाणाऱ्याची परवानगी तेवढी घ्यायची आणि पडद्यावर त्याचं नाव द्यायचं.

चित्रांना आवाजाची जोड देणं आपल्याला नवं नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेच्या पट्ट्यांवर रंगवलेली पुराणातली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पडायची, सोबत निवेदन आणि संगीत. सिनेमा मुंबईत आला १८९६ मध्ये. त्याआधीच मराठी माणूस पडद्यासमोर बसून चित्र ऐकत होता.

जालना जिल्ह्यात अशा किती जागा आहेत! जांबचं समर्थांचं जन्मस्थान, अंबडची मत्स्योदरी, राजूरचा गणपती, आणि रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेलं बेथेल. प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा सूर आहे: करुणाष्टकं, आराधी गाणी, आरत्या, मराठी ख्रिस्ती भजनं. ज्याला हे करावंसं वाटेल त्याला माझं एकच सांगणं आहे. आधी आवाज टिपा. भिंती अजून बरीच वर्षं उभ्या राहतील, त्यांचे फोटो पुढच्या वर्षीही निघतील. पण जुन्या चालीवर म्हणणारी माणसं सत्तरीच्या पुढे गेली आहेत आणि त्यांच्या चाली दुसऱ्या कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत.