वर्षावासातील पंचेचाळीस दिवस

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने म्हणजे वर्षावास. या काळात विहारांत आणि घरोघरी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. पण पाळीचे काम करणाऱ्याला ते सलग ऐकायला मिळत नाही. दोन दिवस ऐकावे, तिसऱ्या दिवशी रात्रपाळी. आमच्या घरी वर्षानुवर्षे हेच चालले होते. 2024 च्या वर्षावासात मात्र माझ्या पतींनी साठलेली 45 दिवसांची हक्काची रजा एकदम काढली.

नातेवाईकांना हे पटले नाही. लग्नकार्य नाही, आजारपण नाही, मग रजा कशाला? विकली असती तर दीड महिन्याचा पगार हाती आला असता, आणि आमच्या स्वयंपाकघराचा पत्रा गळत होता हेही खरे. पण सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेल्या, मुलगी बारावीला. दोघींच्याही वाट्याला हे कधी धड येत नव्हते. पत्र्यावर ताडपत्री टाकून आणखी एक पावसाळा निघेल, असा हिशेब आम्ही दोघांनी बसून केला.

मी चार घरी पोळीभाजी करते. मला रजा नाही. खाडा झाला की पैसे कापतात. मग त्यांच्या रजेत तुमचा वाटा काय, असे भगिनी विचारतील. पहाटे नळाचे पाणी भरणे आणि संध्याकाळी वरणभात लावणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली. दिवेलागणीला रिकाम्या हाताने बसणे म्हणजे काय, ते मला त्या श्रावणात कळले.

सासूबाईंनी मृगाच्या पावसात तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत दोडक्याच्या बिया लावल्या होत्या. तळाला खिळ्याने भोके, त्यावर विटांचे तुकडे, वर माती आणि धुतलेली चहापूड. एरवी या वेलाकडे कोणी बघितलेही नसते. यांनी गॅलरीच्या गजांपासून वरपर्यंत सुतळ्या बांधल्या आणि वेल सरसर चढला. फुले भरपूर, पण दोडका धरेना. ही पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. मुलीने आपले पुस्तक आणून दाखवले, की घोसाने येतात ती नरफुले. एकटे येते आणि ज्याच्या मागे बोटाएवढा दोडका दिसतो ते मादीफूल. नरफूल तोडून त्यावर अलगद टेकवायचे. सासूबाई हसल्या. “आम्ही त्याला वांझ फूल म्हणायचो. तुझ्या पुस्तकानं त्याला बाप केलं!” त्यानंतर रोज संध्याकाळी आजी आणि नात वेलाशी उभ्या. ऑगस्टअखेर सतरा दोडके निघाले. शिरांची तीळ घालून केलेली चटणी चाळीत चार घरी गेली.

रात्री आठला वाचन. हे नववीपर्यंत शिकलेले, अडखळत वाचत. पाली शब्द आला की मुलगी सांभाळून घेई. एकदा भिक्खू पावसाळ्यात एका जागी का राहात, हे त्यांनी आईला समजावले. कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, हे त्यामागचे कारण. सासूबाईंनी विचारले, “आणि चिखलात लावणी करणाऱ्या आम्ही? आम्हाला कोण थांब म्हणालं?” कोणाला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने शोधून काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, 1945 साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी सुटीचा हक्क मिळाला. पुढे 1948 च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा ठरवली. बापाचे हे 45 दिवस कुठून आले, ते नातीने आजीला असे सांगितले. मात्र तो कायदा कारखान्यापुरता. शेतमजूर बाई आणि माझ्यासारखी घरकामवाली त्याच्या बाहेर. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “म्हंजी अर्धंच झालंय.”

आपण मंगलकार्यात महामंगल सुत्त म्हणतो. त्यात मातापित्यांची सेवा, बहुश्रुतता, संतोष आणि कृतज्ञता यांना मंगल म्हटले आहे. आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या कृतज्ञता म्हणजे मालकापुढे वाकणे असेच शिकवले गेले, म्हणून हा शब्द आला की मी जरा सावध होते. पण संबोधीनंतर बुद्ध सात दिवस पापणी न लवता बोधिवृक्षाकडे पाहात राहिले, असे बौद्ध परंपरा सांगते. ताठ मानेनेही उपकार आठवता येतात. आमच्या घरात त्या दिवसांत खायला, बोलायला, शिकायला इतके होते, की पत्र्याखाली ठेवलेल्या बादलीचा आवाजही ओळखीचा वाटू लागला.

सप्टेंबरमध्ये हे पुन्हा पाळीवर गेले. वाचन आता मुलगी करते. रात्रपाळी असली की दुपारी, ते झोपून उठल्यावर. वेलावर दोन दोडके सासूबाईंनी बियांसाठी राखले होते. ते पार वाळून आत खुळखुळ वाजेपर्यंत त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. शेजारच्या तिघींनी आधीच बिया सांगून ठेवल्या होत्या.