मलममलची गोष्ट

बसा रे पोरांहो, कंदिलाची वात जरा वर करतो, कारण आजची गोष्ट कागदावर काढून दाखवायची आहे.

लातूरच्या गंजगोलाईत, सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, आईचं बोट धरलेलं एखादं लेकरू म्हणतं, "मला बरणीतला खाऊ पाहिजे." आई विचारते, कुठली रे बरणी? तर म्हणतं, "दुकानातल्या बरणीतला." मग "कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बरणीतला," मग "गोलाईतल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बरणीतला," आणि असं ते दम लागेतो सांगत राहील. नियम पाहिला तर इवलासा: नाम काढा, त्या जागी 'कशातलं किंवा कशावरचं तरी नाम' ठेवा, त्या तुकड्यातही नाम आहेच, मग त्याच्या जागी पुन्हा तेच. आणि गंमत बघा, 'दुकानातली बरणी' म्हणणारं हेच लेकरू पुढं 'त' लागला की न चुकता 'दुकानातल्या बरणीत' म्हणतं, हे त्याला कोण शिकवायला गेलं होतं?

हे काढ नि ते ठेव, ही कळ आपल्याकडं फार जुनी. व्याकरणकार पाणिनीनं सुमारे ४,००० सूत्रांत अख्खी संस्कृत बसवली. दधि आणि अत्र शेजारी आले की 'इ' काढून 'य्' ठेवायचा, झालं दध्यत्र. पण पुढं वेगळा स्वर असेल तरच, दधि करोति म्हणताना काही हलत नाही. पुढं १९५६ साली भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं अशा नियमांची प्रतवारी लावली, १९५९ साली जॉन बॅकसनं संगणकाची एक भाषा याच रीतीनं मांडली, आणि १९६७ साली संगणकातलाच पीटर इंगरमन म्हणाला, या रीतीला बॅकससोबत पाणिनीचंही नाव द्या. योग्यच बोलला.

पण मला खरं नवल वाटतं ते आरिस्टिड लिंडेनमायरचं. हंगेरीत जन्मलेला हा जीवशास्त्रज्ञ, भाषेशी त्याचं काय देणंघेणं? नांदेडकडच्या एखाद्या जुन्या बारवेत साचल्या पाण्यावर शेवाळ धरतं ना, त्यातला धागा भिंगाखाली धरला तर एकीला एक चिकटलेल्या पेशी दिसतात. अशा धाग्यांची वाढ कशी मांडावी, याचा विचार करताना १९६८ साली त्यानं हेच नियम उचलले. बोलताना आपण एकेक जागा बदलतो, पण पेशी काही पाळी लावून वाढत नाहीत, म्हणून त्यानं सगळ्या जागा एकदम बदलायच्या ठरवल्या. सोप्यातला सोपा नमुना असा: लहान पेशी 'ल' वाढून मोठी 'म' होते, आणि 'म' दुभंगून 'मल' होते.

आता लिहा:

ल
म
मल
मलम
मलममल
मलममलमलम

अक्षरं मोजा: १, १, २, ३, ५, ८. शेवटची ओळ नीट बघा, तिच्या वरची अख्खी ओळ आधी आणि तिच्याही वरची मागं जोडलेली आहे; आपण तसं ठरवलं नव्हतं, दोन नियमांतून ते आपसूक आलं. हेच आकडे बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रानं छंद मोजताना मांडले होते: लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर पाच मात्रांची ओळ आठच तऱ्हांनी बसते.

घ्या पेन्सिल, पुढची ओळ काढा. तेरा अक्षरं भरली पाहिजेत, आणि कुठं दोन 'ल' किंवा तीन 'म' लागोपाठ आले तर समजा, एखादं अक्षर बदलायचं राहून गेलंय.