पिसू कुत्र्यावर कमी, कार्पेटमध्ये जास्त

एडिनबरामध्ये ऑक्टोबर लागला की घराघरांत हीटर सुरू होतात आणि त्याच सुमाराला अनेक घरांतले कुत्रे खाजवायला लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मग घोट्यापाशी लाल पुळ्या दिसू लागतात. कुणाकडे भारतातून आई-बाबा आलेले असतात, कुणाचं बाळ नुकतंच रांगायला लागलेलं असतं. ‘घरात कुत्रा कशाला’ हा सूर आधीपासून असतोच, त्यात हे. सगळा राग त्या मुक्या जिवावर निघतो.

आमच्या ओळखीतल्या एका मराठी घरात असंच झालं. आजींच्या पायांना रोज नवीन चावे दिसायचे. कुत्र्याला आंघोळ घातली, दुकानातून आणलेलं औषध मानेवर टाकलं, पण आठवड्याभरात पिसवा पुन्हा हजर. शेवटी ‘कुत्रा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकू’ इथपर्यंत गोष्ट आली. चार वर्षांच्या नातीने रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून तो निर्णय लांबला. पुढे काय केल्यावर पिसवा गेल्या, ते खाली सांगतोच. पण आधी पिसू राहते कुठे ते बघू, कारण खरी गोम तिथेच आहे.

पिसू म्हटलं की प्लेग

आपल्याकडे जुन्या माणसांना पिसू म्हटलं की प्लेग आठवतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातलं. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं १० मार्च १८९७ रोजी निधन झालं. त्या वेळी हा रोग पसरतो कसा, हेच नीट माहीत नव्हतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं, की उंदराकडून उंदराकडे प्लेग नेणारी पिसूच. सुरुवातीला त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

पण ती पिसू उंदरावरची. आपल्या कुत्र्यावर इथे सापडते ती बहुतेक वेळा मांजराची पिसू. हो, नाव मांजराचं असलं तरी कुत्र्यावरही तीच जास्त आढळते. ब्रिटनमधल्या घरात तिच्यामुळे प्लेगची भीती बाळगायचं कारण नाही. त्रास मात्र खरा आहे. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते. दोन-चार चाव्यांतही ते शेपटीच्या मुळाशी, कमरेवर चावून चावून केस घालवतात, कातडी लाल करून घेतात. खूप पिसवा झाल्या तर लहान पिल्लाच्या अंगातलं रक्त कमी होऊ शकतं. शिवाय अंग चाटताना पिसू गिळली गेली, तर पोटात टेपवर्म होतो. त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा शीमध्ये दिसतात.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. पिसू वेगळी आणि गोचीड वेगळी. पिसू तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी चपटी, केसांतून सरसर पळते आणि उडी मारते. गोचीड उडी मारत नाही, एका जागी चिकटून रक्त पिऊन फुगते. स्कॉटिश हायलँड्समध्ये फिरून आल्यावर कुत्र्याच्या आणि आपल्याही अंगावर शोधायची ती गोचीड, कारण तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. दोघींसाठी औषधं नेहमी एकच असतात असंही नाही.

शंभरातल्या पाचच दिसतात

पिसूची मादी कुत्र्याच्या अंगावर पोचली की काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत. ही अंडी पांढरी, गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. कुत्रा जिथे झोपतो, अंग झटकतो, सोफ्यावर चढतो, तिथे ती मिठासारखी गळून पडतात. त्यांतून अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो, म्हणून त्या कार्पेटच्या तळाशी, सोफ्याच्या फटीत, फळ्यांच्या सांध्यात जातात आणि तिथे पडलेली पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्तच, खाऊन वाढतात. मग त्या स्वतःभोवती चिकट कोष विणतात.

ढोबळमानाने असं सांगतात, की घरातल्या शंभर पिसवांपैकी पाचच मोठ्या होऊन कुत्र्यावर दिसतात. उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळी आणि कोष या रूपांत घरात पडून असतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत बोलायचं तर स्क्रीनवर एकच एरर दिसतो, पण लॉग उघडला की खाली रांग लागलेली असते.

यातला कोष सर्वांत चिवट. त्याच्या आत कीटकनाशक नीट पोचत नाही. आतली पिसू तयार असली तरी बाहेर यायची घाई करत नाही, कित्येक महिने थांबू शकते. ऊब, पावलांची थरथर आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, म्हणजे ‘कुणीतरी आलं’ हे कळलं, की ती बाहेर पडते. म्हणूनच ऑक्टोबरमध्ये हीटर लागले की पिसवा ‘अचानक’ येतात. महिनोन्महिने रिकाम्या असलेल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकताच चावे सुरू होतात, तेही यामुळेच. नव्या भाडेकरूंकडे कुत्रा असो वा नसो. आधीच्या माणसांचं मांजर केव्हाच गेलेलं असतं, कोष मात्र मागे राहिलेले असतात.

गोधडी आणि ऊन

‘आपल्याकडे गावी कुत्री अंगणात असतात, त्यांना कुठे एवढे उपचार लागतात?’ हा प्रश्न प्रत्येक आजी-आजोबा विचारतात. पिसवा तिकडेही असतात, गोठ्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. पण शहाबादी फरशीवर रोज झाडू फिरतो, गोधड्या उन्हात पडतात, कुत्रा बाहेर झोपतो. पिसूच्या अळीला दमट हवा लागते. कोरड्या हवेत आणि पस्तीस अंशांवरच्या उन्हात ती टिकत नाही. म्हणजे गाद्या-गोधड्या उन्हात टाकायची आजीची सवय पूर्णपणे शास्त्रशुद्ध होती.

एडिनबरामध्ये नेमकं उलटं. जुन्या दगडी इमारतींतल्या फ्लॅटना लाकडी जमीन, तिच्या फळ्यांमध्ये फटी, वर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, खिडक्या बंद आणि हीटर चालू. पिसूसाठी बारमाही वसंत ऋतू! हे ऊन आपल्याला यंत्रांनी आणावं लागतं. व्हॅक्यूम हा आपला झाडू आणि साठ अंशांवर चालवलेलं वॉशिंग मशीन व टंबल ड्रायर हे आपलं मे महिन्याचं ऊन.

करायचं काय?

आधी खात्री करा. उवांची फणी असते तशी बारीक दातांची फणी इथल्या पेट शॉपमध्ये मिळते. ती कमरेपासून शेपटीपर्यंत फिरवा आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, नाही पसरला तर साधी माती. पिसू दिसलीच पाहिजे असं नाही.

मग तीन कामं एकाच दिवशी सुरू करायची. पहिलं, घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना, प्रत्येकाला त्याच्या जातीचं आणि वजनाचं औषध. एकालाच दिलं तर बाकीचे पिसवा पोसत राहतात. दुसरं, कुत्र्याचं अंथरूण, सोफ्यावरची चादर, गाडीतलं ब्लँकेट दर आठवड्याला साठ अंशांवर धुणं. तिसरं, व्हॅक्यूम. पहिल्या काही आठवड्यांत रोज. सोफ्याखाली, गादीच्या कडेने, भिंतीच्या पायथ्याच्या लाकडी पट्टीला लागून. त्याने अंडी-अळ्या उचलल्या जातात आणि थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, म्हणजे औषध लावलेल्या कुत्र्यावर येऊन मरतात. व्हॅक्यूममधला कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेरच्या बिनमध्ये टाका. प्रादुर्भाव मोठा असेल तर अंड्या-अळ्यांची वाढ थांबवणारा घरगुती स्प्रे मिळतो. तो मारताना प्राणी आणि मुलं खोलीबाहेर हवीत, माशांची टाकी झाकलेली हवी आणि सगळं वाळेपर्यंत कुणी आत यायचं नाही.

आणि चौथी गोष्ट, धीर. औषध दिल्यावरही दोन-तीन महिने नव्या पिसवा दिसू शकतात, कारण जुने कोष फुटत असतात. लोक इथेच चुकतात. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून आठवड्याभरात दुसरं, मग तिसरं औषध टाकतात आणि कुत्र्याच्या अंगात विषाचं प्रमाण वाढतं. वर सांगितलेल्या घरात पशुवैद्याने नवीन जादू काही केली नाही. वजनानुसार औषध, ठरलेल्या तारखा आणि व्हॅक्यूमचं वेळापत्रक, एवढंच. आजी परत जायच्या आधी चावे थांबले आणि कुत्रा घरातच राहिला.

हे मात्र नको

मंडळी, काही गोष्टी जीवघेण्या आहेत. कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं. ते मांजराला लागलं तर थरथर, झटके आणि मृत्यूही येऊ शकतो. फिप्रोनिल सशांना चालत नाही. लसूण खायला घालणं, टी ट्री तेल चोळणं, फिनेल किंवा रॉकेलने पुसणं हे व्हॉट्सॲपवरचे उपाय कुत्र्यालाच बाधतात. गोळ्यांच्या रूपातली काही नवी औषधं चांगली लागू पडतात, पण ज्या कुत्र्याला फिट येतात त्याच्या बाबतीत ती जपून द्यावी लागतात. म्हणून भारतातून कुणाच्या बॅगेत औषध मागवू नका. विल्यम डिक यांनी १८२३ मध्ये याच शहरात पशुवैद्यकाचं शिक्षण सुरू केलं. आज ती शाळा एडिनबरा विद्यापीठाचा भाग आहे आणि सगळे तिला ‘डिक व्हेट’ म्हणतात. दोनशे वर्षांची परंपरा असलेल्या गावात पशुवैद्याला विचारायला संकोच कसला? औषध महाग वाटलं तर लेखी प्रिस्क्रिप्शन मागून बाहेरूनही घेता येतं.

औषध जातं कुठे?

शेवटचा मुद्दा आपल्या घराबाहेरचा. मानेवर टाकायच्या थेंबांमध्ये बऱ्याचदा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. इमिडाक्लोप्रिड हे नाव कापूस पिकवणाऱ्या घरातल्या वाचकांना ओळखीचं वाटेल, मावा-तुडतुड्यांवर फवारतात तेच. मधमाश्यांना धोका म्हणून युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात त्याचा वापर बंद केला, तेव्हा ब्रिटनही संघात होतं. पण कुत्र्या-मांजरांवर ते चालूच राहिलं. २०१६ ते २०१८ या काळात इंग्लंडमधल्या २० नद्यांतून घेतलेल्या नमुन्यांचा ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ सर्व नमुन्यांत फिप्रोनिल आढळलं. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की कुत्र्याची आंघोळ, त्याचं अंथरूण धुणं, एवढंच काय, कुरवाळल्यावर आपण हात धुणं, यातूनही ते गटारात जातं, तेही थेंब टाकल्यावर निदान चार आठवडे. २०२५ मध्ये ब्लू टिट आणि ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्यांच्या १०३ घरट्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे पक्षी घरट्याला मऊ अस्तर म्हणून प्राण्यांचे केस वापरतात. प्रत्येक घरट्यात फिप्रोनिल होतं.

स्कॉटलंडच्या नद्या त्या २० मध्ये नव्हत्या. पण औषधं तीच आणि वॉटर ऑफ लीथमध्ये किंवा ब्रेड बर्नमध्ये उड्या मारणारे कुत्रेही तसेच. म्हणून थेंब टाकल्यावर कुत्र्याला पाण्यापासून लांब ठेवा. पाण्याचा फारच नाद असेल तर पशुवैद्याला तसं सांगून दुसरा पर्याय विचारा. विंचरलेले केस पक्ष्यांसाठी बागेत टाकू नका, कचऱ्यात टाका. उरलेलं औषध सिंकमध्ये ओतू नका. आणि ‘दर महिन्याला टाकायचंच’ असं न धरता आपल्या कुत्र्याला खरंच किती गरज आहे ते ठरवा. ब्रिटनमधली पशुवैद्यांची संघटनाही सरसकट औषधाऐवजी धोका बघून उपचार करा असंच सांगते. ॲलर्जी असलेला कुत्रा, घरात बाहेर हिंडणारं मांजर, रांगतं बाळ असेल तर गरज जास्त. एकटा, घरातला, धडधाकट कुत्रा असेल तर कदाचित आठवड्याची फणी आणि व्हॅक्यूम बऱ्यापैकी काम करतील.

एक साधी सवय लावून घ्या. उन्हाळा संपता संपता, हीटर लावायच्या आधी, एक रविवार यासाठी ठेवा. सोफा ओढा, कार्पेटच्या कडा साफ करा, अंथरुणं गरम पाण्यात धुवा, कुत्र्याला फणी फिरवा, त्याचं वजन करून लिहून ठेवा. आई-बाबा येणार असतील तर त्यांना फोनवरच सांगून टाका, की चावे दिसले तर कुत्र्याला ओरडू नका, आधी मला सांगा, व्हॅक्यूम कपाटात आहे.